वच्छलाबाईनं कपाटं उघडली

सक्करदऱ्याच्या आमच्या वाचनालयाले सत्तर वर्षं झाली, पण ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई म्हणजे वच्छला ठवकर. भिवापूरची पोर. मिरची तोडता तोडता धडे पाठ करून मॅट्रिक झाली. लग्नानंतर लेकरं शाळेत घालून ग्रंथालयाची परीक्षा दिली अन् पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत बावीस वर्षं काढली. खुर्ची भेटली ते मागच्या साली.

पहिल्याच दिवशी तिनं कपाटांची कुलपं काढली. तोवर आमच्याकडची रीत अशी, का चिठ्ठीवर नाव लिहा, शिपाई पुस्तक आणून देईल, नाही आवडलं तर तुमचं नशीब.

"बाजारात वांगं बी दाबून पाहतो आपण," वच्छलाबाई म्हणे. "पुस्तकच काहून न पाहता न्यायचं?"

संस्थेचे सचिव चंपतराव भडकले. "लोक थैल्या भरभरून नेतीन, बाई! वर्षानं मोजणी करू. पंचवीसच्या वर पुस्तकं गेली, तर कुलपं लागतीन अन् तुम्ही परत खिडकीत."

"चालते," ती म्हणाली.

वर्षात वाचक दुप्पट झाले. दुपारी बाया कपाटासमोर मांडी घालून बसू लागल्या. अन् मोजणी झाली, तं एकशे बारा पुस्तकं गायब! दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीची बैठक ठरली.

वच्छलाबाई रडली नाही, फणफणली मात्र. यादी दोनदा वाचली. प्रवचनाचं एक पुस्तक हललं नव्हतं. गेली ती सारी रहस्यकथा, शिकारकथा अन् रांधायची पुस्तकं. हा चोर नाही, वाचणारा माणूस होय, असं तिच्या मनानं घेतलं.

सकाळी ती पेपर तोंडापुढं धरून वाचकांत जाऊन बसली. आठ वाजता गणपतराव आले. पोस्टातून रिटायर झालेला सज्जन माणूस. ते सीधे जुन्या वार्षिक अहवालांच्या कपाटाशी गेले. ते अहवाल तं लिहिणाऱ्यानंही पुन्हा वाचले नव्हते. गणपतरावांनी त्यांच्यामागं कोपरापर्यंत हात घातला.

"काका, काय शोधून राहिले?"

"काही नाही वं. माझं पुस्तक होय, अर्धं राहिलं."

"मंग घरी काहून नेत नाही?"

"घरी दिवसभर टीव्ही चालू राहते. अन् इथं समोर ठेवलं तं दुसरा उचलते. एसटीच्या सीटवर रुमाल टाकत नाही का आपण? तसं. सारेच ठेवतेत वं!"

वच्छलाबाईनं अहवाल काढले, कायद्याची बाडं काढली, गॅझेटं काढली. साऱ्यांच्या मागं पुस्तकांची दुसरी रांग! अकरापर्यंत टेबलावर एकशे सहा पुस्तकं जमली. सहाच कमी.

समिती आली. वच्छलाबाईनं एक जाडी शिकारकथा उचलली, धूळ झटकली अन् आतला कागद काढाले गेली, तसे चंपतराव धावले.

"अवं बाई, खूण नका काढू! दोनशे चौदावं पान होय माझं!"

मंग काय, हसून हसून अध्यक्षांचा चष्मा खाली पडला. बैठक पाच मिनिटांत आटोपली. खुर्ची तिची, कपाटं उघडी.

आता दाराजवळ एक फळी हाये. अर्धं वाचलेलं पुस्तक नावासकट तिथं ठेवायचं, आठ दिवस कोणी हात लावणार नाही. फक्त गणपतराव दर आठव्या दिवशी येतेत, नावाचा कागद बदलतेत अन् तीच रहस्यकथा परत ठेवतेत. वच्छलाबाई म्हणते, "काका, खुनी कोण ते मीच सांगून देऊ का आता?"