लाल शेरा

माझा हात पूर्वी फार चालायचा. लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली की आवाज कमी येतो आणि मूल आठवडाभर पाढे विसरत नाही, हे मी नव्या शिक्षिकांना चहा पिता पिता सांगत असे. उल्हासनगरात बाजाराच्या मागे आमची महापालिकेची मराठी शाळा. पालकही असे, की पोराला वर्गात सोडताना म्हणायचे, "मॅडम, हाडं आमची, मांस तुमचं." ते मांस मी बिनदिक्कत घेत होते.

मग कायदा आला. मुलांना हात लावायचा नाही आणि आठवीपर्यंत कुणाला नापासही करायचं नाही. पट्टी मी कपाटात टाकली, कारण नोकरी मलाही प्यारी होती. पण राग कुठे टाकणार? तो मी डायरीत टाकायला लागले. प्रत्येक मुलाकडे शाळेची डायरी असते. शिक्षकाने त्यात शेरा लिहायचा, घरी पालकाने सही करायची, दुसऱ्या दिवशी शिक्षकाने ती सही तपासायची. 'पाढे पाठ नाहीत.' 'वर्गात फार बोलते.' दिवसाला दहा-बारा डायऱ्या मी लाल पेनाने रंगवायचे आणि संध्याकाळी विठ्ठलवाडीहून लोकलने बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी जायचे. आपण आता मारत नाही याचं मला समाधान होतं.

नापास करण्याचा विषय मात्र घशात अडकलेला होता. अंबरनाथला आमचं प्रशिक्षण होतं. शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणावी का, तुमचं मत सांगा. मी तर वाटच बघत होते. "भीती गेली, अभ्यास गेला," मी म्हटलं. "पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? आम्ही मार खाऊनच शिकलो ना?" टाळ्या पडल्या. बदलापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेचा तरुण शिक्षक उठला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पोरगी नापास झाली की वर्गात परत बसत नाही. घरी बसते. वर मार खाते तो वेगळाच."

"मग तुम्ही शिकवता काय?" मी ओरडले. त्याने काहीतरी उत्तर दिलं, ते मी ऐकूनही घेतलं नाही. हातातली जाडजूड पुस्तिका त्याच्या तोंडावर फेकली. चष्मा खाली पडला, काच तडकली. कुणीतरी त्याच्याच बाजूने उभं राहिलं, त्या उभ्या राहिलेल्याची गचांडी आमच्या शाळेच्या एका सरांनी धरली, खुर्च्या आडव्या झाल्या. मुलांना मारू नये या विषयाचं सत्रही त्याच दिवशी, जेवणानंतर होतं. आम्ही सगळे बसलो त्यालाही.

पुढे नियम बदलला. पाचवीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला जूनमध्ये एक संधी, तीही गेली तर पुन्हा पाचवीतच. मी जिंकले होते. त्या वर्षी पाचवी माझ्याकडेच होती.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. बोलकी, वाचायला बऱ्यापैकी, गणितात कच्ची. बाप जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीला, आई घरी बसून जीन्सचे सुटे धागे कापायची. वर्षभर त्या मुलीच्या डायरीत मी इतकं दाबून लिहिलं होतं की अक्षरं पानांच्या मागून उठून दिसायची. बापाची सही कधी चुकली नाही. असा पालक हवा, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे.

एक मेला झेंडावंदनानंतर निकाल वाटतात. ती गणितात नापास होती. मी नियमाप्रमाणे प्रगतिपत्रक बापाच्या हातात दिलं आणि समजावून सांगितलं. तो मान हलवत ऐकत राहिला. मी पुढच्या पालकाकडे वळले आणि मागे पट्ट्याचा आवाज झाला.

पटांगणात, झेंड्याच्या खांबाशी, सगळ्यांसमोर तो तिला मारत होता. कमरेचा पट्टा दुहेरी न करता, बकल खाली सोडून. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. ती पळाली नाही, खाली बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं. ते तिला सवयीचं होतं हे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं. तिसऱ्या फटक्याला भुवई फुटली आणि रिबिनीवरून रक्त गळायला लागलं. पालक उभे होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सोडा मॅडम, बाप आहे तिचा." मी धावले आणि त्याचा हात धरायला गेले, तर बकल माझ्या मनगटावर बसलं.

तो जागच्या जागी थांबला. पट्टा टाकला. "मॅडम, लागलं का? चुकलं माझं, माफ करा. अरे, कुणी थंड पाणी आणा रे मॅडमसाठी." हात जोडून तो माझ्या पाया पडायला वाकला. मुलगी बाजूलाच रक्त पुसत बसली होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. पाणी माझ्यासाठी आलं.

मग त्याने तिच्या दप्तरातून डायरी काढली आणि माझ्यासमोर भराभर पानं उलटली. "हे बघा मॅडम. एवढं लाल. प्रत्येकाखाली माझी सही आहे. एकही दिवस सोडला नाही, सही केली आणि ठोकून काढली. तरी फेल. मग माझं काय कमी पडलं, तेवढं सांगा." तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी पानं बघत राहिले आणि पहिल्यांदाच त्या सह्या तपासाव्याशा वाटल्या नाहीत.

"आता बस झाली शाळा," तो म्हणाला. "आईबरोबर धागा कटिंगला बसेल."

मी त्याच्याकडून मे महिना मागून घेतला. जूनच्या परीक्षेत पास झाली तर शाळा, नाहीतर धागे. मॅडमचा शब्द म्हणून तो कबूल झाला.

मे महिनाभर मी रोज बदलापूरहून येऊन शिपायाकडून किल्ली घ्यायचे आणि एक वर्ग उघडायचे. ती, मी आणि भागाकार. भुवईवर टाके होते. एकदा तीच चूक तिसऱ्यांदा झाली, भागाकारात शून्य द्यायचं राहिलं. माझं डोकं फिरलं. चुकीभोवती गोल करावा म्हणून मी पर्समधून पेन काढलं. लालच निघालं. तिने वही बाजूला सारली आणि उजवा हात, तळवा वर करून, माझ्यापुढे धरला.

"मारा ना मॅडम. पण लिहू नका. तुमचं कमी लागेल."

मी पेन खाली ठेवलं. मग मूर्खासारखं विचारलं, "चांगलं लिहिलं तरी नको?"

"चांगलं लिहिलं होतं तुम्ही. दिवाळीनंतर." तिने डायरी काढून पान दाखवलं. माझंच अक्षर, लाल शाई. 'वाचन खूप सुधारले. शाब्बास.' खाली बापाची सही. "त्या दिवशी लाटण्याने मारलं. पप्पांना वाचता येत नाही मॅडम. मी वाचून दाखवलं, तर म्हणाले खोटं बोलते. मॅडम लाल पेनाने कशाला कुणाचं कौतुक करतील."

मला स्वतःची शिसारी आली. मी तिचा पुढे केलेला हात धरून ठेवला, तर ती बिचारी डोळे मिटून फटक्याची वाट बघत राहिली. मी मारणार नाही हे तिला पटायला बराच वेळ लागला. त्या दिवशी भागाकार झाला नाही.

जूनमध्ये ती पास झाली. गुण मी वाढवले नाहीत, तशी वेळच आली नाही. बाप पेढे घेऊन आला. स्वच्छ शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. "बघा मॅडम, आता झाली ना पास? तुमचं ते लाल लिहिणं बरोबरच होतं. मार पडल्याशिवाय नाही येत अक्कल." मुलगी त्याच्या मागे उभी होती.

माझा राग उसळला. महिनाभर दाबून ठेवला होता तो सगळा. मी डायरी त्याच्यापुढे आपटली, ते पान उघडलं आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं. "वाचन खूप सुधारले. शाब्बास. हे लिहिलं होतं मी. यासाठी तुम्ही पोरीला लाटण्याने मारलंत. विचारलंत कुणाला? बाप आहात की कसाई?"

त्याने आपल्या सहीवर बोट ठेवलं. ओळीवर नाही, सहीवर. मग मुलीकडे वळला, तर ती एक पाऊल मागे सरली. ते त्याने पाहिलं. पेढ्यांचा पुडा त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"मला वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं मॅडम," तो हळू म्हणाला. "हिच्या ॲडमिशनचा फॉर्म तुम्हीच भरला होता."

हो. वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर' हा शब्द मीच लिहिला होता. फॉर्मच्या शेवटी त्याने अंगठा न लावता सही केली, तेव्हा त्याचं कौतुकही मीच केलं होतं.