देवाच्या कोंबड्याचा आडोसा

मला कोंबड्या आवडत नाहीत. त्यांची घाण पायरीवर वाळते, वहाणेला चिकटते आणि पाणी ओतलं की नव्याने वास मारते. कोंबडी आपल्याच पाण्याच्या भांड्यात उभी राहून घाण करते आणि तेच पाणी पिते. तरीही एका हिवाळ्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्या परसात राहिले.

धानोऱ्याला आमच्या शेतात निंदणीला येणारी बाई मूळची सातपुड्यातली. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाते आणि जाताना कोंबड्या विकून टाकते. त्या वर्षी मात्र तिला तांबडा कोंबडा विकता येईना. नातू तापातून उठला तर होळीनंतर हाच कोंबडा देईन, असं ती देवाला बोलली होती. नातू उठला होता. आता बदली कोंबडा चालणार नव्हता आणि दिला नाही तर नातवाचं काय, ही तिची धास्ती. म्हणून या खेपेला तिने सगळ्याच कोंबड्या माझ्याकडे सांभाळायला आणल्या.

"हाऊ देवले बोलेल शे, ताई," ती म्हणाली. "बाकीन्या मरन्यात तं मरन्यात. याले काही व्हवाले नको."

मी हो म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

पौषात उत्तरेचा वारा सुटला. बांबूच्या डालग्याखाली दोन कोंबड्या सकाळी ताठ झालेल्या सापडल्या. त्या मी कागदात गुंडाळून पुरल्या आणि कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. मग यादी केली: मोडकी बाज एक, बारदानं सहा, सुतळी, दाभण. बाज एका कुशीवर उभी करायची, तीन बाजूंनी बारदान शिवायचं, पुढची बाजू उघडी. आडोसा हलता हवा होता, कारण कोंबड्या एका जागी तीन दिवस बसल्या की जमीन बघवत नाही. सकाळी उन्हात, संध्याकाळी भिंतीला, असा तो दोघांनी उचलून नेता आला पाहिजे.

बारदानं मिरचीच्या व्यापाऱ्याकडून आणली. दाभण शेजारच्या गादीवाल्या चाचांनी दिलं. दुपारभर शिवत बसले. नाक वाहत होतं, डोळे चुरचुरत होते, पण नंदुरबारच्या बाजूला हिवाळ्यात ते रोजचंच. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरची वाळत असते आणि गावभर माणसं शिंकत असतात. त्यामुळे पोती धुवायला हवीत हे माझ्या डोक्यात आलंच नाही. यादीतही ते नव्हतं.

चाचा कुंपणापाशी येऊन तीनदा शिंकले.

"जित्त्या कोंबड्यास्लेच फोडणी दी ऱ्हायन्यात का, ताई?"

मला वाटलं, आता कोंबड्या आत जाणार नाहीत. त्या धावत गेल्या. मिरचीचा त्यांना काहीच त्रास नव्हता, उलट पोत्यांच्या विणीत अडकलेलं बी त्यांना दिसलं. टोच, टोच, टोच. पहिल्या दिवशी मला समाधान वाटलं, की बसल्या निवांत. चौथ्या दिवशी पाहिलं तर उत्तरेकडची बाजू चाळणीसारखी झाली होती. भोकांतून वारा थेट आत येत होता आणि त्या भोकांसमोर, सगळ्यात जास्त बी असलेल्या जागी, बाकीच्यांना हुसकावून तांबडा कोंबडा बसला होता.

त्याच्या नाकातून फेस येत होता. एक डोळा पिवळ्या चिकट्याने मिटला होता. श्वास घेताना घशात घरघर होई आणि मान झटकली की तो शेंबूड माझ्या लुगड्यावर उडे. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता.

जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. पाण्यातून द्यायचं होतं, आणि त्याआधी नाकपुड्या मोकळ्या करायच्या होत्या. सकाळ-संध्याकाळ त्याला काखेत दाबून, कोमट पाण्यात भिजवलेल्या चिंधीने मी त्या पुसल्या. पहिल्या दिवशी ओकारी आली. पाचव्या दिवशीही आली. जेवणाआधी हे काम करायचं नाही, एवढी सुधारणा मी वहीत केली.

बारदानं जाळली, त्यानेही गल्ली खोकली. मग बाजेला तुरीच्या तुराट्यांच्या ताट्या बांधल्या, डोंगरातल्या घरांच्या कुडाला असतात तशा, आणि फटी शेणमातीने लिंपल्या. कोंबड्यांच्या घाणीवर उपाय म्हणून गाईचं शेण हातात घेणं मला पटत नव्हतं. पण ताटीत टोचण्यासारखं काही नव्हतं, वारा अडला, आणि चाचा आणि मी मिळून तो आडोसा सहज उचलत होतो. आठवड्याभरात घरघर थांबली.

होळीच्या आदल्या दिवशी बाई आली. मी तिला सगळं सांगितलं, पोत्यांसकट. तिने कोंबडा उचलला, तुरा पाहिला, दोन्ही डोळे, चोच, नखं, पंख पसरून एकेक पीस. मी वही धरून उभी होते. एवढ्या बारकाईने मी कधी हिशेब तपासला नसेल.

"धड शे," ती म्हणाली.

चार कोंबड्या डालग्यात घालून आणि कोंबडा काखेत मारून ती गेली. त्याच हाताखाली, जिथे मी धरत असे.

चार दिवसांनी तिने देवाच्या जेवणातला माझा वाटा डब्यात घालून आणला आणि समोर बसली. नाही म्हणणं शक्य नव्हतं. झाकण उघडलं तर मिरचीचा वास आला आणि त्यामागून, मला तरी, त्या नाकपुडीचा. मी दोन घास न चावता गिळले. ती समाधानाने उठली. उरलेलं चाचांना दिलं. त्यांनी पोटभर खाल्लं आणि मी डबा तीनदा घासला.