नानांचे मासोळी चाकू

स्वस्त चाकू विकणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. महागडी वस्तू माणूस कपाटात जपून ठेवतो. स्वस्त चाकू खिशात घालून गावभर फिरतो आणि बिघडला की चाकूबरोबर त्याची हकिकतही दुकानात आणून टाकतो!

वारंगा फाट्यावर आमचं कटलरीचं दुकान. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही परभणी जिल्ह्याचेच म्हणवायचो, तेव्हापासूनचं. गल्ल्यावर माझे थोरले चुलते नाना, माल दाखवायला मी. मिटायचे, माशाच्या आकाराचे चाकू ही आमची खपाची वस्तू. दिसायला झकास. बाकीचं ऐका.

*

शेजारच्या हॉटेलवाल्या शंकररावांनी कांद्यासाठी एक चाकू नेला. नानांनी मोठ्या हौसेनं विचारलं, "कसाय चाकू?"

"एक नंबर! कांदा कापताना डोळ्याला पाणीच येत न्हाई."

नाना खूश. माझ्याकडे बघून मान डोलावली.

"कापल्या जाईल तवा येईल ना!" शंकरराव म्हणाले.

*

हे आम्ही हसण्यावारी नेलं. पण मग सटवाजीबाबांचं झालं.

सटवाजीबाबा साखऱ्याकडचे मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन फाट्यावरून जायचे. त्यांनी वस्तू घेतली की मागचे सगळे धनगर तीच मागायचे, एवढा त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी आमचा चाकू घेतला, दोरी कापायला गेले, पात्याचा खिळा होता ढिला, आणि पातं मिटलं ते थेट बोटावर! बोटाला चिंधी बांधून आले आणि भर बाजारात चाकू फळीवर आपटला.

"नाना, तुमचा चाकू दोरीला सोडून माणसाला कापून राहिला! आजपासून तुमचा माल आमाला नको."

त्यानंतर एकही धनगर आमच्याकडे फिरकला नाही. नानांना गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नव्हतं. आपल्या दुकानातल्या वस्तूनं माणसाचं रक्त काढलं, हे त्यांना फार लागलं. जेवता जेवता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "काहून रे, गरिबाची वस्तू चांगली असूच न्हाई काय?" सटवाजीबाबांनी एकदा तरी पुन्हा आपला चाकू घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा.

*

नानांनी धार लावायचा दगड आणला. नवा कोरा चाकू आधी दगडावर, मग गिऱ्हाइकाला. पहिला मानकरी कळमनुरीचा एक क्लार्क. पुढच्या बाजाराला तो फाटकी पँट हातात घेऊनच आला.

"नाना, बाजारभर खिसेकापूंपासून खिसा सांभाळला. घरी जाऊन बघतो तर तुमच्या चाकूनंच आतून कापला! मांडी वाचली, नशीब!"

धार आली होती, पण खिळा तसाच ढिला. चाकू खिशातच उघडला!

*

मग हातोडी आली. नाना दिवसभर खिळे ठोकत बसायचे. ठाक, ठाक, ठाक! समोरच्या झाडावरची पाखरंसुद्धा उठून गेली. एका ट्रक ड्रायव्हरनं मोठ्या विश्वासानं चाकू नेला आणि परतीच्या फेरीला ट्रक थांबवून खाली उतरला.

"सेठ, चाकू तो बढ़िया है. बस, इसको खोलने के लिए एक और चाकू दे दो!"

नानासुद्धा पोट धरून हसले. मग हात बसला. हलका ठोका, तेलाचा थेंब, उघडायचा, मिटायचा, पुन्हा हलका ठोका. काकूंनी मात्र कपाळाला हात लावला.

"लोक जुनं आणतात दुरुस्तीला. नवी वस्तू दुरुस्त करून विकणारं दुकान ह्ये एकच!"

*

आमच्याकडे धार बघायची रीत म्हणजे पातं मनगटावर फिरवायचं, केस निघाले तर चाकू पास. आता सगळेच चाकू पास व्हायला लागले. बाजाराच्या दिवशी निम्मी माणसं एक हात गुळगुळीत करून घरी जायची, त्यातली बरीचशी चाकू न घेताच! सलूनवाला दत्ता हात जोडून आला.

"नाना, आता दाढ्या बी तुमीच सुरू करा. आमी तुमच्याकडं कामाला येतो!"

यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नानांना कुणी दिलं नसेल. पण त्याच दिवशी सटवाजीबाबा रस्त्याच्या पलीकडून कळप घेऊन गेले, मान न वळवता. नाना धूळ खाली बसेपर्यंत तिकडेच बघत होते. मला फार वाईट वाटलं.

*

हिंगोली जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात सटवाजीबाबा दुकानासमोर येऊन थांबले.

"सुनेच्या भावाकडं तुमचा चाकू पाहिला. बराबर चालून राहिला. दाखवा बरं एक."

आमच्याकडे चाकू कधी हातातून हातात देत नाहीत, देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं म्हणतात. एकानं खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. नानांनी त्यातल्या त्यात चांगला चाकू निवडला आणि फळीवर ठेवला.

बाबांनी उचलला. उघडला. पात्याची पाठ फळीवर दाबून पाहिली, मिटत नव्हतं. कमरेची दोरी काढून कापली. मग चाकू मिटून पुन्हा फळीवर ठेवला.

नानांचा चेहरा उतरला. "काहून, बाबा? न्हाई आवडला?"

"आवडला." बाबांनी हात पुढे केला. "हातात द्या."

"हातात कसा देऊ? भांडण होतंय."

"भांडण तर कवाच झालंय आपलं, नाना! आता मिटवायचं असंल तर हातातच द्यावा लागंल."