बाळाने हिरोसाठी घातलेलं गाऱ्हाणं

बाळा माझा धाकटा भाऊ. त्याच्या शेजारी बसून मारामारीचा पिक्चर बघायचा तर आपल्या बरगड्या आपणच सांभाळायच्या. हिरोने पडद्यावर ठोसा मारला की ह्याचं कोपर बाजूच्या माणसाला बसलंच. हिरोने मार खाल्ला की हा "आई गं!" म्हणून ओरडणार. त्याची बायको नलिनी लग्नानंतर एकदाच बसली त्याच्या बाजूला. तेव्हापासून म्हणते, "कमलताई, तुम्हीच जा. तुम्हाला सवय आहे." सवय कसली डोंबलाची! मी मध्ये पर्स धरून बसते.

एरवी हा गरीब गाय. घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवतो. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी ह्याचं आपलं "हो साहेब, देतो करून." आमचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि आम्ही नाहूरला आलो, ते इथेच. एकाच बिल्डिंगमध्ये तो पहिल्या मजल्यावर, मी त्याच्या वर. त्याला मोठ्याने बोलताना ऐकायचं असेल तर थिएटरातच जायला हवं.

एका पिक्चरवर त्याचा भारी जीव. नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. हिरो घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवणारा, उजवा खांदा दुखावलेला. शेवटच्या मारामारीत त्याचा तो हात वरच जात नाही. जिन्यात बसतो, उठायला जातो, परत बसतो. आपल्याला वाटतं, संपलं, मेला बिचारा. बाळाने तो पिक्चर किती वेळा पाहिला ते देवालाच ठाऊक. दर वेळी त्या जिन्यात ह्याचा श्वास अडकणार.

"अरे, वाचतो ना तो! माहीत आहे ना तुला?" मी चिडून म्हणायची.

"माहीत आहे गं. पण आज नाही उठला तर?"

आता ह्याला काय बोलणार, सांगा!

पण त्याच्या डोक्यात एक किडा होता. मारामारीच्या पिक्चरचा पहिला भाग झकास असतो आणि दुसऱ्याची वाट का लागते? तोच हिरो, तेच लोक, वर खर्च जास्त. मग घोडं अडतं कुठे? काचा घासता घासता तो गिऱ्हाइकांनाही विचारायचा. कोण म्हणायचं हिरो म्हातारा होतो, कोण म्हणायचं कथा संपलेली असते. बाळाला पटायचं नाही. "कथा काय संपते? माणूस जिवंत आहे ना अजून?" म्हणायचा.

त्याची मुलगी श्रुतिका अंधेरीला एडिटिंगचं काम करते. म्हणजे शूटिंग झालेलं सगळं कापून, जोडून पिक्चर तयार करायचा. एक दिवस ती घरी आली ती उड्या मारतच. त्या सिलिंडरवाल्याचा दुसरा भाग निघत होता, आणि तो हिच्या ऑफिसात आला होता! बाळा मटकन खुर्चीत बसला. नलिनीने साखर वाटली.

त्याच महिन्यात बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा होती. आम्ही मालवणकडचे. पूजा झाली की गाऱ्हाणं हवंच. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. बाळा एरवी मालवणी बोलत नाही, पण देवासमोर आपोआप निघतं. नारळ हातात घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आमच्या चेडवान, श्रुतिकान, जो पिच्चर हातात घेतल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि पयल्या टायमाक आमच्या हिरोन लय मार खाल्ल्यान. आता तेका ओरखडोसुद्धा येवक देव नको रे म्हाराजा!"

लोक पोट धरून हसले, पण "होय म्हाराजा" सगळ्यांनी म्हटलं. मी तर जरा जास्तच जोरात म्हटलं.

वर्ष गेलं. पिक्चर पक्का करायच्या आधी पहिल्या भागाच्या चाहत्यांना दाखवायचं ठरलं. श्रुतिकाने आम्हा दोघांना बोलावलं. अंधेरीतलं छोटंसं थिएटर, दुपारची वेळ. आत जाताना तिने माझा हात दाबला. "आत्या, शेवटच्या मारामारीचं एडिटिंग पूर्ण मी केलंय. ऑफिसातल्या सरांनी माझ्यावर सोडलं. पप्पांना आवडली ना, तर मी जिंकले. आणि काही चुकलं असेल तर आत्ताच कळू दे, अजून बदलता येतं." ती आमच्या मागच्या रांगेत बसली.

पिक्चर सुरू झाला. काय नव्हतं त्यात? हेलिकॉप्टर, परदेशातलं वाळवंट, जळणाऱ्या गाड्या. आमचा सिलिंडरवाला एका हेलिकॉप्टरातून दुसऱ्यात उडी मारत होता, खांदा एकदम ठणठणीत. मी पर्स मध्ये धरून तयार. पण कोपर येईना. बघते तर बाळा हाताची घडी घालून बसलेला. शेवटची मारामारी ऐन रंगात आली, पन्नासेक गुंड एकट्यावर तुटून पडले, आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "कमल, आज जेवायला काय केलंयस गं?"

मागे श्रुतिकाची खुर्ची कुरकुरली.

बाहेर आल्यावर हा म्हणाला, "झकास झालाय! एक नंबर!" श्रुतिकाने रिक्षा थांबवली. जिन्यात आमच्या पुढे निघाली. घरात शिरली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, खरं सांगा."

"सांगितलं की. छान झालाय, बेटा."

"खोटं! आत्याला जेवण विचारत होतात तुम्ही, ऐकलंय मी!" तिने पायातली चप्पलही काढली नव्हती. "मी शाळेत पडले की तुम्ही दप्तर उचलून मला घरी आणायचात. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा खाली टपरीवर बसून राहिलात. आता मला लागेल म्हणून खोटं पण बोलता? लागू दे ना मला!"

नलिनी मध्ये पडायला निघाली. मी तिला डोळ्यांनीच थांबवलं.

बाळाने चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसला. मग म्हणाला, "कंटाळा आला गं. तुझी मारामारी चालली होती आणि मला भूक लागली."

पोरगी तिथेच रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. मलाच रडू आलं, तर बापाचं काय झालं असेल! तो उठणार तेवढ्यात तिने हात करून त्याला थांबवलं. ओढणीने नाक पुसलं. "का आला कंटाळा? नीट सांगा."

"तेच कळत नाही ना! हिरो तोच. मारतोय पण चांगला..." बाळा खरंच विचारात पडला. त्याचा जुना किडा परत वळवळायला लागला होता. "मला भीतीच वाटली नाही गं. ह्याला काही होणारच नाही, हे पहिल्यापासून कळलं होतं. मग बघायचं काय?"

"वा रे शहाण्या!" माझं डोकं फिरलं. "देवासमोर नारळ धरून तूच नाही का मागितलंस, ओरखडा येऊ देऊ नको म्हणून?"

बाळाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या तोंडात मारली. "म्हणजे आम्हीच... आम्हीच मागतो, आणि दिलं की आम्हालाच नको असतं?"

श्रुतिका खाली मान घालून बसली होती. हळूच म्हणाली, "पप्पा, त्याचा पडण्याचा शॉट होता. वाईट पडतो, उठताच येत नाही त्याला. मीच काढून टाकला. लहानपणापासून तुमच्या मांडीवर बसून बघितलंय त्याला. मला बघवेना."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती काही चालू होईना.

"मग तो परत घाल की," बाळा म्हणाला.

"सगळी मारामारी मोडून परत बांधायला लागेल. उद्या सरांना सांगते. म्हणतील, इतके दिवस काय करत होतीस? काढून टाकतील कदाचित. नावही जाईल पडद्यावरचं."

बाळाने तोंड उघडलं. काय येणार ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. मी येतो, मी बोलतो तुझ्या सरांशी. शब्द ओठांपर्यंत आलेला दिसला मला. त्याने तो गिळला.

"जा," म्हणाला.

"वाट लागेल माझी, पप्पा."

"लागू दे," बाळा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.