मोटेच्या चामड्याची चक्री

सोमवार, १२ मार्च १९७३. काम एकच होतं: होडीच्या मोटरचा पाय सोडवून आतला पाण्याचा पंप बाहेर काढायचा. बोल्ट गंजून बसले होते. आदल्या दिवशी त्यांवर रॉकेल ओतून ठेवलं होतं, तरी पाना घसरतच होता. शेवटी पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर दिला, तेव्हा कुठे ते हलले.

पाय हा आमचा शब्द. मोटरचं डोकं होडीच्या मागच्या फळीवर बसतं आणि पाण्यात बुडालेला भाग, ज्याच्या टोकाशी पंखा फिरतो, तो पाय. डोक्यापासून पायापर्यंत एक लोखंडी दांडा उभा जातो. तो खाली पंखा फिरवतो आणि वाटेत एक छोटी रबरी चक्रीही फिरवतो. ही चक्री धरणाचं पाणी ओढून डोक्याला थंड ठेवते. मग ते पाणी मागच्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडतं. धार दिसली की मोटर ठीक. माझे यजमान ह्याला मुतणं म्हणत, आणि पुढे दोन्ही काठांवरची माणसं तसंच म्हणू लागली. डॉक्टर यजमानांना तपासायला आले की त्यांचाही पहिला प्रश्न तोच असे, फक्त शब्द वेगळा.

यजमान विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत. राहुरीच्या वरच्या अंगाला धरणाचं पाणी चढलं, पलीकडे जायची वाट बुडाली, तेव्हा त्यांनी माणसं ने-आण करायला होडी घातली. मोटर नगरच्या लष्करी भंगारातली, विलायती, आमच्या लग्नापेक्षा जुनी. दिवाळीनंतर त्यांच्या पायांना सूज आली. हृदय मोठं झालं आहे, वल्हं मारायचं नाही, मोटरची दोरी ओढायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोरी मी ओढू लागले. ते मागे मोटर वळवायच्या मुठीवर हात ठेवून बसत आणि मोटरचा आवाज ऐकत. तेवढ्यासाठी रोज सकाळी उठत, दाढी करत, टोपी घालत.

पाऊस झालाच नव्हता. धरण आटत होतं. होडी बांधायची खुंटी दर दोनचार दिवसांनी उपटून पाण्याच्या मागोमाग पुढे ठोकावी लागे. पाणी उथळ झालं तशी मोटर गाळ ओढू लागली आणि महाशिवरात्रीच्या सुमारास तापून बंद पडली. त्या दिवसापासून हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. भाकरी अर्धी परत येई. वल्ह्यांनी फेऱ्या मी करतच होते, लोकांचं काही अडलं नव्हतं. मोटर मला ह्यांच्यासाठी हवी होती. ती चालली तर हे उठतील, नाही चालली तर उठणार नाहीत, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

पंप उघडला तर चक्रीची पाती गाळाने खाऊन टाकलेली. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"रबर न्हाई ह्ये, चिंधी हाय," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले. "आन् दांडा?"

दांड्याचं वरचं चौकोनी टोक झिजून गोल झालं होतं. तो गोणपाटात गुंडाळून मी एसटीने राहुरीला नेला. लेथवाल्याने तो उजेडात धरून पाहिला.

"वहिनी, पांडवांचा हाय का ह्यो?"

"पांडवांचा असता तर टिकला असता. करणार का ते सांगा."

त्याने झिजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडला, वेल्डिंग केलं, लेथवर सरळ करून दिला. "नीट फिरंल. पन झटका बसला तर माज्या नावानं वरडायचं न्हाई," म्हणाला.

चक्री मात्र कुठेच मिळेना. मुंबईच्या दुकानात ओळखीच्या ड्रायव्हरला विचारायला लावलं, तर इतकी जुनी मोटर अजून कोणाकडे आहे ह्याचंच दुकानदाराला हसू आलं. टायरमधून कापून पाहिली, ती वाकेना. ट्यूबची केली, ती दुमडून गेली.

"माळ्यावर मोट हाय बग," हे म्हणाले.

विहिरीवर इंजिन आल्यापासून पाणी उपसायची चामड्याची मोट माळ्यावर पडून होती, उन्हाळ्यात तडकू नये म्हणून कधीमधी करंजेल चोळलेली.

"अहो, चामडं चालेल का?"

"जलम सारा पान्यात गेला तिचा. तिला न चालायला काय झालं?"

हे मलाही पटलं. ते खाटेवर उठून बसले, मांडीवर पाट घेतला आणि चामडं कापायच्या रापीने स्वतः चक्री कापली. कापायची, बसवून बघायची, पुन्हा तासायची. दुपारचा चहा गार झाला. शेवटी पंपाच्या घरात ती घट्ट बसली. हाताने फिरवली तर कुरकुरली, पण फिरली.

"बग, सुई जायाची न्हाई," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुरी भाकरी खाल्ली.

बाजाराच्या दिवशी मोटर लावली. ह्यांनी दाढी केली होती. पलीकडच्या गावांत बांगड्या भरायला जाणारी म्हातारी मणियारीण टोपली घेऊन होडीत बसली. आमची नेहमीची.

"भाभी, आज तरी मुतंल का तुमची म्हातारी?"

"तुमच्याच वयाची आहे. तुम्हीच सांगा."

"मग अवघडच हाय," ती म्हणाली, आणि हे हसले.

मी दोरी गुंडाळून ओढली. तिसऱ्या झटक्याला मोटर लागली. क्षणभर काहीच नाही, मग मागून धार सुटली, जाड, सरळ. मणियारणीने टोपलीवर थाप मारली. ह्यांनी मूठ वळवली आणि आम्ही काठ सोडला. मी समोरच्या फळीवर बसून त्यांच्याकडे बघत होते. टोपी सरळ, मान ताठ, कान मोटरकडे.

मधल्या पाण्यात गेल्यावर धार बारीक झाली. त्यांनी वेग कमी केला. धार थेंबांवर आली. मोटर कण्हू लागली, चामडं जळल्याचा वास आला. ते बटणाकडे हात नेत होते तेवढ्यात पायात टाक् असा आवाज झाला आणि मोटर एकदम मोकळी सुटून किंचाळली. दांडा तुटला होता. पंखा जागच्या जागी उभा. त्यांनी बटण दाबलं.

मग ते मुठीकडे बघत म्हणाले, "मोट आदी भिजवायची असती."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत होतं. कोरडी मोट विहिरीत सोडत नाहीत. आदल्या दिवशी पाण्यात टाकतात, म्हणजे चामडं फुगतं आणि शिवणी बसतात. आम्ही कोरड्या चामड्याची चक्री सुई जाणार नाही अशी बसवली होती. पाण्यात ती फुगली आणि पंपाच्या घरात रुतली.

"दादा, दुसरी करा की," मणियारीण म्हणाली.

"कशाला," ते म्हणाले.

एक वल्हं तिने घेतलं, एक मी. तिला पलीकडे सोडून आम्ही परत आलो तेव्हाही त्यांचा हात मुठीवरच होता. घरी टोपी काढून त्यांनी उशाखाली ठेवली आणि आडवे झाले.

मी पाय पुन्हा खोलला. चक्री पेचकसाने उकरून काढावी लागली. दांडा जोडाच्या जागी पिळून तुटला होता. दोन्ही तुकडे घेऊन मी खाटेशी गेले.

"पुन्हा जोडता येईल. ह्या खेपेला चामडं भिजवून कापू."

त्यांनी तुकडे हातात घेतले नाहीत. "दांडा जोडशील, चक्री करशील. पानी कुटनं आननार?"

ते भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा खाटेजवळ ठेवला. ते जागे होते, पण वळले नाहीत. मी काठावर गेले. पाणी आणखी सरकलं होतं आणि होडीचं नाक चिखलात होतं. ती ढकलून पाण्यात घातली. मोटर नसल्यामुळे हलकी गेली. खुंटी उपटली, पुढे नेऊन दगडाने ठोकली. मग दोन्ही वल्ही घेतली आणि पलीकडच्या माणसांना आणायला निघाले.