हिरव्या ठिपक्याचे अकरा नग

यंदाचं वर्ष कसं गेलं असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, आपल्या घरातलं सगळ्यात भारी वर्ष. तो काही खोटं बोलत नाही. मी कंपनीत कायम झाले. मुलगी दहावीला शाळेत दुसरी आली. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं, आणि आता ते समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी कोणता शर्ट वाळत घातलाय हेसुद्धा आम्हाला वाचून दाखवतात. एवढं सगळं झाल्यावर बाईने हसतमुख असायला हवं. मी मात्र कोणी पेढ्यांचं नाव काढलं तरी खेकसते.

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. चाकणच्या कंपन्यांमध्ये ते खंडेनवमीला सुरू होतं. त्या दिवशी दुपारी लाइन बंद, मशीन पुसून लख्ख, प्रेसच्या गळ्यात झेंडूचा हार, साहेबांच्या हातात नारळ. आम्ही बौद्ध, त्यामुळे मी हात जोडत नाही. पण मशीन पुसायला माझ्याइतकं चिवट कोणी नाही, हे पूजेची सगळी तयारी करणारेही मान्य करतात. मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला माझ्यासोबत फडकं घेऊन ती होती. मशीनच्या मधल्या बोळकांडीत फोटो काढताना तिने माझ्या कपाळाला मुद्दाम तेलाचं बोट लावलं होतं. तो फोटो अजून फोनमध्ये आहे आणि मी तो उघडत नाही.

ती म्हणजे फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावरची माझी जोडीदारीण. नऊ वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहिलो, दोघीही ठेकेदाराकडून कामाला, कायम कोणीच नाही. मी चिंचवडहून कंपनीच्या बसने यायचे, ती राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून. तिच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि माझ्या डब्यात पोळी, आणि जेवायच्या सुट्टीत डबे आपोआप बदललेले असायचे. ती बोलायची, मी चिडायचे, असं आमचं ठरल्यासारखं होतं.

काम सोपं. पत्र्याचा ब्रॅकेट हातात घ्यायचा, चारी नट वेल्डिंगने पक्के बसलेत का ते अंगठ्याने बघायचं, आणि पास झाला की पेंट मार्करने ठिपका द्यायचा. माझा पिवळा, तिचा हिरवा. गिऱ्हाईक कंपनीकडून माल परत आला तर ठिपक्यावरून कळतं, हा नग कोणाच्या हाताखालून गेला. म्हणून मार्कर एकमेकींना द्यायचा नाही, असं टेबलासमोर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. आणि म्हणूनच तो सगळे देतात. कारण जुना रिकामा मार्कर जमा केल्याशिवाय स्टोअरवाला नवा देत नाही आणि जेवायच्या वेळेत स्टोअरची खिडकी बंद असते. लाइन मात्र चालू असते. नग येऊन साठायला लागले की वर लिहिलेलं कोणी वाचत नाही.

खंडेनवमीनंतर आठेक दिवसांनी माझा पिवळा सुकला. खिडकी बंद. तिने तिचा हिरवा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला, आणि तासभर आम्ही दोघींनी त्यानेच ठिपके दिले. मग खिडकी उघडली, मी नवा पिवळा आणला आणि विसरून गेले. असं वर्षातून दहा वेळा व्हायचं.

दिवाळीच्या तोंडावर माल परत आला. अकरा नगांना चौथा नटच नव्हता. अकराही नगांवर हिरवा ठिपका आणि पेटीवर त्याच दिवसाची, त्याच तासाची चिठ्ठी.

साहेबांनी केबिनमध्ये आधी तिला बोलावलं. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मी सांगितलं, मार्कर माझा, काम माझं." एवढंच. मग मला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "मार्करची अदलाबदल झाली होती का?" आमच्यात एक रीत आहे. वडील पिंपरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं होते, मी ती त्यांच्याकडून शिकले: साहेबासमोर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मला वाटलं, ती मला वाचवून गेली. आता मी वेगळं बोलले तर ती खोटी ठरेल. असं मला खरंच वाटलं की माझी फाटली होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी "नाही" म्हटलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, जा." दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या माणसाने तिला गेटवरच थांबवलं. तिचा डबा त्या दिवशी तसाच परत गेला असेल, हा विचार मला दुपारी जेवताना आला.

मी तिला फोन केले. दोनदा उचलला. पहिल्यांदा ती कांद्याच्या लागणीबद्दल बोलली, दुसऱ्यांदा सासूच्या गुडघ्याबद्दल. मी विचारायचं ते विचारलं नाही. नंतर मीच फोन करायचं सोडून दिलं, आणि ती उचलत नाही असं घरात सांगू लागले.

मार्चमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं. साहेबांनी सगळ्यांसमोर दिलं आणि म्हणाले, "नऊ वर्षांत यांच्या पिवळ्या ठिपक्याची एकही तक्रार नाही." टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही, मला इतका आनंद झाला की बसमध्ये रडू आलं. नऊ वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो पर्समध्ये होता आणि मी दर दहा मिनिटांनी तो आहे का ते बघत होते. मोशी ओलांडली आणि मग साहेबांचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. तेव्हापासून ते रडू नेमकं कशाचं होतं, हेही कळेनासं झालं.

ते सगळं वर्ष मी एकाच प्रश्नात घालवलं. ते अकरा नग कोणाचे? तिचे असतील तर मी खोटं बोलले, पण तिचं काही हिरावून घेतलं नाही. माझे असतील तर माझ्या जागी ती घरी बसलीय आणि तिच्या जागी मी टाळ्या घेतल्या. मी तो तास पुन्हा पुन्हा आठवून बघायचे. मी नट डावीकडून तपासते, चौथा शेवटी. मी शेवटचा गाळते का? कधीच नाही. पण त्या दिवशी मी खिडकीकडे सारखी बघत होते, उघडली का, उघडली का. ती बोलत होती. बोलताना तिचा अंगठा थांबतो का? नाही थांबत, नऊ वर्षांत मी पाहिलेला नाही. मग माझेच. पण मग एकदम अकरा कसे? भाजी चिरताना, मुलीचा निकाल मोबाइलवर उघडताना, वडिलांच्या डोळ्यात थेंब घालताना माझं हेच चाललेलं. वडील ओरडले, "अगं, थेंब गालावर पडतायत!"

नवऱ्याला एकदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झालं ते झालं, आता काय त्याचं?" मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. खरं तर त्याने तेच म्हणावं अशी माझी इच्छा होती.

या वर्षी दसऱ्याला सकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून तोंडपाठ आहे. कधी अडखळले नाही. त्या दिवशीही अडखळले नाही, ओठ बरोबर हलले. त्याचाच मला राग आला. घरी न जाता मी नाशिक फाट्यावरून राजगुरुनगरची गाडी धरली.

तिच्या घरी ओसरीत स्टीलचे डबे ओळीने मांडलेले होते. एमआयडीसीतल्या बारा कामगारांना ती आता डबे देते. मला बघून ती हसली, पाणी दिलं, माझ्या पांढऱ्या साडीकडे बघून म्हणाली, "विहारातनं थेट आलीस व्हय? बस, जेवल्याबिगर सोडत न्हाई." चेहरा तसाच, फक्त हातावर तव्याचे चटके. तिने ताट वाढलं. मी घास घेतला नाही. वर्षभर घोकलेला प्रश्न एकदम तोंडातून पडला, "ते अकरा नग माझे होते का गं?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"तुझे का माझे, मला न्हाई ठाव," ती म्हणाली. "मी कवा इचारच केला न्हाई त्याचा."

"मग तू सगळं अंगावर का घेतलंस?"

"अंगावर कुठं घेतलं? मी माझं सांगितलं. मार्कर माझा हुता, कामबी मी केलं हुतं. तुझं नाव मी कशापायी घिऊ? ते तू घेशील वाटलं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "दोघींनी एकाच मार्करनं काम केलं, एवढं तू म्हणली असतीस तर दोघींला समज देऊन सोडलं असतं. दोघींला एकदम काढून टेबलावर उभं कुणाला करणार हुते? दुसरं शिकलेलं हुतंच कोण? मी भाईर बाकड्यावर बसून तुझी वाट बघत हुते. तू आलीस आन् माझ्याकडं न बघता लाइनवर गेलीस."

मी तशी गेले होते. ते मला लख्ख आठवलं. वर्षभर नट मोजत बसले आणि बाकडं एकदाही आठवलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी उद्या साहेबांना सांगते."

"सांग की. पर माझ्यासाठी नको सांगू. मला काय आता येता यायचं न्हाई, बारा जण जेवायचे थांबतील." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने ताटात गरम भाकरी टाकली आणि म्हणाली, "खा, गार हुतीय."

मी खाल्लं. काय खाल्लं ते सांगता येणार नाही. तिच्या सासूने गुडघ्याचं सगळं सांगितलं, मी मान हलवत राहिले. निघताना मी उंबऱ्याशी थांबून "येते" म्हटलं. आपल्याकडे यावर समोरचा "ये" म्हणतो, भांडण झालेलं असलं तरी म्हणतो. ती डब्यांची झाकणं लावत होती. "जपून जा," म्हणाली.

त्याला आता महिना झाला. मी अजून साहेबांना सांगितलेलं नाही. रोज बसमध्ये ठरवते, आळंदी फाट्यापर्यंत वाक्यही तयार होतं. कधी वाटतं, तिला आता त्याचा उपयोग नाही, मग मी कोणासाठी सांगू? कधी वाटतं, ही पळवाट आहे आणि ती मला चांगली माहीत आहे. कायमचं पत्र काढून घेतील का, याची भीती वाटते; तीही लपवत नाही. टेबलावर माझ्या शेजारी नवी मुलगी उभी असते, मला ताई म्हणते. दहाच्या सुमारास साहेब फेरी मारत येतात, एक नग उचलून उलटा करून बघतात आणि विचारतात, "काय ताई, सगळं ओके?"

मी म्हणते, "ओके, सर."