दादाच्या आवाजाइतकी खाली तार

गिटारवाल्या मंडळींनो, रोह्याच्या सायबर कॅफेतून लिहितोय. जाड तारांचा सूर खाली उतरवून कुणी वाजवतं का, ते विचारायचंय.

माझा मोठा भाऊ आमच्या निडी गावच्या भजनात बुवा होता. तो म्हणायचा आणि बाकीचे मागून उचलायचे. कंपनीत कामावर असताना त्याला गॅस लागला आणि त्याचा आवाज बसला, तो बसलाच. आता तो भजनात मागे बसून नुसते टाळ वाजवतो. सगळ्यांचा सूर वरचा, एकट्यासाठी खाली कोण आणणार?

म्हटलं, घरात तरी गाईल. आज दुपारी मी सहावी तार एक सूर खाली आणली, मग पाचवी. दादाने गजर धरला आणि अर्ध्यात खोकायला लागला.

"अजून खाली जातंय का रे?"

मी खुंटी सैल करत गेलो. शेवटी तार इतकी ढिली झाली की लाकडावर नुसती थडथडायला लागली. सूर असा राहिलाच नाही.

"आता कशी माझ्यासारकी वाजते," दादा म्हणाला. मग डबा उचलून तो सेकंड शिफ्टला गेला. त्याच कंपनीत.

याहून जाड तार कुठे मिळते का? पेणच्या दुकानात फोन करून विचारलं, नाय म्हणाले. शिफ्ट सुटली की दादा विचारेल.